नापास रेकॉर्डी

३ फेब्रुवारी

मुलीने आज मला आठ आठवडे दिले. मी मागून घेतले म्हणायला हवं, पण तिने दिले ते असे, की देणगी वाटावी. एकतीस मार्चपर्यंत हे घरी राहणार. तोवर सुधारणा दिसली नाही, तर टेकडीमागच्या शुश्रूषागृहात यांच्यासाठी खाट राखून ठेवली आहे. खाट खिडकीजवळची आहे, हे तिने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागली तेव्हा मी विचारलं, "खिडकीला गज आहेत का?"

"आई, तुझ्याशी बोलणं म्हणजे ना..." म्हणाली.

तिचंही चुकत नाही. हे लिहिताना हात जड होतो. यांना स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात हे दोनदा घराबाहेर पडले. दुसऱ्या वेळी पाच तास सापडले नाहीत. सापडले ते जुन्या कारखान्याच्या फाटकापाशी, पायात एकच चप्पल. कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, तिथे आता सोफ्यांचं दुकान आहे. दुकानाच्या राखणदाराने बिचाऱ्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. मला म्हणाला, "बाई, सारखं 'तीन झाल्या, तीन झाल्या' म्हणत होते. मुलींबद्दल म्हणत होते का?" आम्हाला मुलगी एकच. मी म्हटलं, गोळ्यांबद्दल असेल.

डॉक्टरांनी आता संगीत काढलं आहे. घरच्या घरी रोज ऐकवायचं. तरुणपणातली गाणी म्हणे सगळ्यात शेवटी जातात. त्यासाठी दवाखान्यातून एक प्रशिक्षिका येणार, फॉर्म घेऊन.

मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. फॉर्मांना मी घाबरत नाही. गाण्यांना घाबरते. शाळेत प्रार्थनेच्या गाण्यांना सिस्टरने मला मागच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाली, "तू नुसते ओठ हलव, बाळ. देवाला कळेल." साठ वर्षं मी नुसते ओठच हलवते आहे.

५ फेब्रुवारी

प्रशिक्षिका आली. पंचविशीची असेल. पहिल्या वाक्यात मला "काकू" म्हणाली आणि दुसऱ्यात यांना "आजोबा". म्हणजे तिच्या हिशेबी मी माझ्याच नवऱ्याची सून. मी तिचं नाव फॉर्मवाली ठेवलं.

रोज चार वाजता अर्धा तास गाणी लावायची. मी शेजारी बसायचं. मग फॉर्मवर पाच चेहऱ्यांपैकी एकावर खूण करायची. पहिला चेहरा रडका, पाचवा हसरा, मधले कुठे ना कुठे. खाली रकाने: शांत, अस्वस्थ, बाहेर जाण्याचा प्रयत्न. आठ आठवड्यांचे फॉर्म डॉक्टरांकडे जाणार आणि तेच पाहून डॉक्टर मुलीला सांगणार, घरी की तिकडे.

गाणी कुठून आणायची हा प्रश्न नव्हता. पॅसेजमधलं अख्खं कपाट रेकॉर्डींनी भरलं आहे. यांचा कारखाना रेकॉर्डींचाच होता आणि हे तिथे तीस वर्षं तपासणीत होते. तपासणी म्हणजे काय, तर वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि खालच्या मशीनमधून निघालेल्या रेकॉर्डी ऐकायच्या. गाणी ऐकायचा पगार! मी तेव्हा आठ तास लोकांच्या शिव्या ऐकून घरी यायचे. या असल्या नोकरीबद्दल मी यांना एक प्रश्नही कधी विचारला नाही. दोघंही दिवसभर कान कामाला जुंपून यायचो, घरी एकमेकांसाठी ते उरत नसत.

निवृत्तीनंतर यांनी त्यातली एकही रेकॉर्ड लावली नाही. कंटाळा आला असेल, असं मी धरून चालले.

फॉर्मवालीने कपाट उघडलं आणि किंचाळली. "काकू, हे बघा!" प्रत्येक कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे होते, यांच्या हातचे. २-१४. १-०५. ३-४०. "मिनिटं आणि सेकंद आहेत ही! आजोबांची आवडती ठिकाणं! किती गोड!"

मलाही पटलं, आणि जरा लागलंही. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच सेकंदावर यांनी खूण केली नव्हती.

६ फेब्रुवारी

चार वाजता पहिली रेकॉर्ड लावली. कोणी बाई नदीबद्दल गात होती. आवाजात खरखर इतकी, की नदीपेक्षा रेती जास्त.

हे ताठ बसले. गेले कित्येक महिने पोत्यासारखे कलंडून बसणारा माणूस, पाठ सरळ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग उजव्या हाताचं बोट वर केलं. थोड्या वेळाने पुन्हा. पाच मिनिटांत चारदा. मला गप्प करत होते. मी बोलत नव्हते!

नंतर म्हणाले, "पेन्सिल दे."

चार महिन्यांत माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य. मी धावत पेन्सिल आणली. बोट वर केलं की हे वर्तमानपत्राच्या समासात एक रेघ ओढायचे. असं अर्धा तास. मी "अहो" म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं एक्स्चेंजमध्ये मी नव्या मुलींकडे पाहायचे.

फॉर्मवर कुठला चेहरा? मी दुसरा दिला. रकाना: अस्वस्थ. प्रामाणिकपणे भरायचं ठरवलं आहे.

११ फेब्रुवारी

फॉर्मवालीची कल्पना अशी, की अख्खं गाणं कशाला, आवडती ठिकाणंच लागोपाठ ऐकवू. तिने स्वतः सुई ठेवली. पहिल्या रेकॉर्डला यांनी बोट वर केलं. दुसरीला बोट वर करून उठून उभे राहिले. तिसरीला म्हणाले, "तीन झाल्या," आणि दाराकडे निघाले. निघाले कसले, धावले. एक चप्पल तिथेच खुर्चीखाली.

मी आडवी आले. यांनी मला ढकललं. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती. रुग्णवाहिकेच्या वाटेत कोणी उभं असावं, तसं त्यांनी मला बाजूला केलं. माझा हात दाराच्या कडीवर आपटला.

फॉर्मवाली रडायला लागली. कडी मी लावली, यांना खुर्चीवर मी बसवलं, तिला पाणीही मीच दिलं.

तिसरा रकाना भरावा लागला. बाहेर जाण्याचा प्रयत्न: होय.

१२ फेब्रुवारी

मनगट सुजलं आहे. मुलीचा फोन आला. "आवाज असा का येतोय?" म्हणाली. दार लागलं म्हटलं. "दार लागलं की बाबा लागले?" विचारलं तिने. माझीच मुलगी, बोलणार तशीच.

१५ फेब्रुवारी

फॉर्मवालीने तिच्या वरच्या बाईला विचारलं. उत्तर आलं: खरखर. जुन्या रेकॉर्डींतला टुकटुक, चरचर आवाज आजारी मेंदूला टोचतो. गाणी तीच ठेवा, पण स्वच्छ.

हे मला ताबडतोब पटलं. आतापर्यंत कोणी बोललेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य. एक्स्चेंजमध्ये लाइनवर खरखर आली की मी मुलींना एकच सांगायचे, गिऱ्हाइकाशी वाद घालू नका, लाइन बदलून द्या. इतके दिवस मला हे सुचलं नाही याचीच लाज वाटली.

१७ फेब्रुवारी

जावई एक स्पीकर देऊन गेले. बिस्किटाच्या डब्याएवढा. फोनवर बोट फिरवलं की तीच नदीवाली बाई, पण न्हाऊन आल्यासारखी. एक ओरखडा नाही.

हे आधी ताठ बसले. बोट तयार ठेवून. वाट पाहत राहिले. पंधरा मिनिटांनी उठून स्पीकरला कान लावला, उलटा करून खाली पाहिलं, परत ठेवला. मग खुर्चीत बसले आणि हात मांडीवर पडू दिला.

तिसरा चेहरा. शांत.

२२ फेब्रुवारी

पाच दिवस, पाचही शांत. दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आज दुपारी दीड तास सलग झोपले. उठले तेव्हा हे होते तिथेच होते. देवा, तुला ओठ हलवल्याचं खरंच कळतं का?

२६ फेब्रुवारी

काल हे कपाटासमोर उभे होते. एक रेकॉर्ड बाहेर काढून तिरपी धरली होती, उजेडात, नाकाशी. मी काढून घेतली तर सोडेनात. पुन्हा ते दार, पुन्हा तो धक्का, पुन्हा तिसरा रकाना.

आज सकाळी भंगारवाल्याला बोलावलं. पोत्यात भरताना त्याने विचारलं, "गाणी चांगली आहेत का, बाई?"

"ज्यांनी ऐकली त्यांना विचार," मी म्हटलं.

त्याने खरंच यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीतून पाहत होते. चार पोती गेली. रेकॉर्डप्लेअर जड आहे म्हणून त्याने नेला नाही. चौथं पोतं जिन्यावरून खाली जाताना आपटलं आणि आतून भांडी फुटल्यासारखा आवाज आला. यांनी बोट वर केलं. फार नाही, मांडीपासून इंचभर.

कपाटात आता चादरी ठेवल्या आहेत.

५ मार्च

शांत. शांत. शांत. 'शांत'चा शिक्का करून घ्यावा असं झालं आहे.

भरवलं तर खातात. उभं केलं तर उभे राहतात. चष्मा शोधत नाहीत. आज मी मुद्दाम डिवचलं. "काचेच्या खोलीत बसून तुम्ही आयुष्यभर केलंत काय? मी राबले आणि तुम्ही गाणी ऐकलीत!" पूर्वी यावर एक ठरलेलं उत्तर असायचं: "झाली का तुमची लाइन मोकळी?" आजारातसुद्धा दिवाणखान्याच्या गेल्या रंगकामापर्यंत ते उत्तर येत होतं. आज नाही आलं. मी आणखी दोनदा तेच बोलले. मग स्वतःचाच राग आला आणि भांडी घासायला गेले.

भांडी घासलेली होती. पुन्हा घासली.

१४ मार्च

मुलगी येऊन गेली. तिने फॉर्म चाळले, तिच्या बाबांच्या गालावरून हात फिरवला आणि रडली. "आई, तू करून दाखवलंस. मला वाटलं नव्हतं. मी खोटं कशाला बोलू, मी तर बॅगसुद्धा काढून ठेवली होती त्यांच्यासाठी." एकतीसला डॉक्टरांशी बोलून ती खाट सोडून देणार.

म्हणजे मी जिंकले. ती गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पाणी वाहू दिलं. का, ते मला सांगता येणार नाही. रडायला येत नव्हतं. फक्त घरात कसला तरी आवाज हवा होता.

१९ मार्च

आज लिहिलं नाही तर उद्या मी हे सौम्य करून लिहीन. म्हणून आजच.

अकराच्या सुमाराला काठी टेकत एक म्हातारा आला. यांच्या कारखान्यातला, रेकॉर्डी दाबून काढणाऱ्या प्रेसवरचा फोरमन. सोफ्यांच्या दुकानामागेच राहतो, राखणदाराकडून त्याला कळलं. दारातूनच ओरडला, "कान आहे का घरी?"

"कोण कान?"

"वहिनी, तुमचा नवरा! अख्ख्या कारखान्यात त्याला दुसरं नाव नव्हतं."

मला माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांचा संसार.

तो यांच्यासमोर बसला, गुडघ्यावर थाप मारली, "काय रे कान, ओळखलंस का?" हे त्याच्या आरपार पाहत राहिले. त्याचा हात तिथेच थांबला. मी चहा आणला आणि मोठ्या ऐटीत संगीताची हकिगत सांगितली. स्वच्छ गाणी, सगळे शांतचे रकाने.

तो हसला. "गाणी? याला? वहिनी, याला एक गाणं धड सांगता यायचं नाही. आम्ही चेष्टा करायचो, की अरे, कोण गातंय सांग तरी. म्हणायचा, मला काय माहीत, मी ऐकत नव्हतो. याला गाणं ऐकूच यायचं नाही. गाण्यात कुठे टुक् झालं, की तेवढं ऐकू यायचं. बोट वर, कागदावर रेघ. पेन्सिल हातात नसली तर जीव कासावीस व्हायचा याचा."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

"कव्हरांवर आकडे असायचे," मी म्हटलं.

"दोष कुठे आहे ते. दोन मिनिटं चौदा सेकंदांना टुक्. रेकॉर्ड नापास. नापास माल आम्ही घरी न्यायचो, साहेब बघून न बघितल्यासारखं करायचा. तुमच्या घरातली एकही रेकॉर्ड पास नसणार, वहिनी!" आणि पुन्हा हसला.

मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आणि 'तीन झाल्या' म्हणजे?"

"अजून म्हणतो?" त्याचा चेहरा उजळला. "एक नापास निघाली तर रेकॉर्डचा दोष. लागोपाठ तीन निघाल्या तर साच्याचा. मग प्रेस थांबवायची, नाहीतर पुढच्या हजार रेकॉर्डी तशाच निघणार. हा पळत सुटायचा वरून. काचेची खोली, जिना, अख्खं अंगण. एकदा पडून दात पाडून घेतला होता. मी लीव्हर ओढायचो, 'बंद केली रे' म्हणायचो. तेवढं ऐकलं की झालं. खांद्यावर हात ठेवायचा माझ्या आणि सावकाश परत जायचा. मी 'बंद केली' म्हणेपर्यंत मात्र हलायचा नाही. साहेबाने ओढलं तरी नाही."

मी ऐकत होते आणि माझ्या मनगटात ती कडी पुन्हा लागत होती. मला ढकलताना त्यांच्या चेहऱ्यावर घाई होती. हजार रेकॉर्डी बिघडत होत्या आणि मी दारात उभी होते.

"कुठे आहेत रेकॉर्डी?" त्याने विचारलं. "लावा की एक. बघा कसा उठतो."

"भंगारात दिल्या," मी म्हटलं.

त्याने चहा संपवला, काठी घेतली. दारात म्हणाला, "तुम्हाला कसं कळणार, वहिनी."

कळायला काय लागत होतं? बेचाळीस वर्षांत एका संध्याकाळी एवढंच विचारायला हवं होतं, "आज काय झालं कामावर?"

२० मार्च

भंगारवाल्याकडे गेले. पोती त्याच आठवड्यात पुढे गेली. कुठे? "वितळवतात, बाई. प्लॅस्टिकच ते." माझ्यावर दया येऊन त्याने गोदाम शोधू दिलं. मी पंख्यांची पाती आणि बाटल्या उपसल्या. एका कव्हराचा तुकडा मिळाला. त्यावर आकडा नव्हता.

घरी येताना फॉर्मवालीचा राग आला, तिच्या वरच्या बाईचा आला, डॉक्टरांचा आला. राग करण्यात मी तरबेज आहे. पण जिना चढेपर्यंत सगळे एकेक करून सुटले आणि मीच उरले. लाइनवर खरखर होती म्हणून मी लाइन साफ केली, आणि पलीकडचा माणूस कापला.

२३ मार्च

फॉर्मवाली उत्साहात आली. मी इतर कुटुंबांसमोर दहा मिनिटं बोलावं अशी तिची इच्छा आहे. सगळ्यांत चांगले फॉर्म आमचे आहेत.

मी तिला फोरमनची सगळी हकिगत सांगितली. पोरगी वाईट नाही. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. मी म्हटलं, "सहा फेब्रुवारीचा दुसरा चेहरा खोडून पाचवा कर. आणि गेल्या महिन्याभरातला प्रत्येक शांत खोड. तुझ्या कागदावर यासाठी चेहराच नाही."

ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसली. मग म्हणाली, "काकू, पण ते धावायला लागले तर तुमची मुलगी त्यांना ठेवेल का घरी? तुम्हाला ते घरी हवे होते ना?"

हवे होते. मी इतकं निक्षून कधी काही मागितलं नव्हतं. हे उठले, तर तिकडे जाणार. हे असेच बसले, तर माझ्याकडे राहणार. एकतीसला डॉक्टर रकाने मोजतील आणि मला बक्षीस म्हणून ही खुर्ची देतील, खुर्चीतल्यासकट.

तिने काही खोडलं नाही. मीही खोडायला लावलं नाही. ओठ हलवले आणि गप्प बसले.

२८ मार्च

फोरमनने रिक्षावाल्याच्या हाती एक खोकं पाठवलं. आत तीन रेकॉर्डी, त्याच्या घरच्या नापास. कव्हरांवर यांचंच अक्षर. चिठ्ठीत लिहिलं आहे, "घरी एवढ्याच राहिल्या होत्या. लागोपाठ लावा."

व्यवहाराने पाहिलं तर एकतीसपर्यंत थांबायला हवं. खाट एकदा सुटली की मग हे खुशाल धावोत. तीन दिवसांचा तर प्रश्न. पण आज सकाळी मी पाणी दिलं, आणि पाणी पुढे आल्यावर काय करायचं असतं ते यांना आठवेना. ओठांना पेला लावला तर तसेच पाहत राहिले. तीन दिवसांत काय काय जातं, ते मला आता माहीत झालं आहे.

खोकं पलंगाखाली सरकवलं. बाहेर काढलं. पुन्हा सरकवलं.

३० मार्च

मुलगी उद्या दहाला येणार. आज चार वाजता मी रेकॉर्डप्लेअर पुसून टेबलावर ठेवला. दाराची कडी काढली आणि दार सताड उघडं ठेवलं. यांच्या हातात पेन्सिल दिली, मांडीवर वर्तमानपत्र.

पहिली रेकॉर्ड. पन्नास सेकंदांना दोष. मी घड्याळ धरून बसले होते. टुक्. आयुष्यात पहिल्यांदा मला तो ऐकू आला. नख हाडावर वाजावं, तसा. यांचा हात हलला नाही.

दुसरी. १-३२. टुक्. पेन्सिल बोटांतून घरंगळली. मी उचलून परत दिली, त्यांची बोटं तिच्याभोवती मिटली, आणि मी सोडल्यावर उघडली.

"अहो," मी म्हटलं, "ऐकलंत का? दोन झाल्या."

यांचे डोळे टेबलाच्या कडेवर.

तिसरी लावताना सुई आधी घसरली. कोणीतरी पुरुष गात होता. काय गात होता ते मला सांगता येणार नाही, मी ऐकत नव्हते. मी दोन मिनिटं आठ सेकंदांची वाट पाहत होते. टुक्.

तीन झाल्या. कुणीच उठलं नाही. मागे हजार रेकॉर्डी बिघडत चालल्या होत्या आणि हे त्या बिघडू देत होते. मला ते सहन होईना. मी उठले आणि पळाले. बहात्तरव्या वर्षी, गुडघ्यांसकट. उघड्या दारातून जिन्यावर, दोन मजले खाली, अंगणात. तिथे लीव्हर कुठला असणार! मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून ओरडले, "बंद करा! प्रेस बंद करा!" माझा आवाज एक्स्चेंजमध्ये प्रसिद्ध होता. तीन खिडक्या उघडल्या. वरून शेजारीण म्हणाली, "काकू, काय झालं? कसली प्रेस?"

"साचा खराब आहे," मी म्हटलं. तिने नवऱ्याला हाक मारली.

वर यायला मला वेळ लागला. प्रत्येक पायरीवर थांबावं लागत होतं. आत रेकॉर्ड संपली होती आणि सुई शेवटच्या खाचेत घरघर फिरत होती. मी यांच्यासमोर उभी राहिले आणि श्वास लागत लागत म्हणाले, "बंद केली. थांबवली मी."

हे खुर्चीला पाठ टेकून बसले होते. मघाशी पुढे झुकलेले होते. मला वाटतं, झुकलेले होते. तिसरी रेकॉर्ड लावताना मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं, मी सुईकडे पाहत होते. पेन्सिल जमिनीवर होती. वर्तमानपत्राच्या समासात एक रेघ होती, बारीक, वाकडी. ती माझ्या हातून पेन्सिल देताना उमटली असेल. किंवा मी खाली असताना.

शेजारीण आणि तिचा नवरा दारात येऊन उभे राहिले. "काकू, आजोबा ठीक आहेत ना?"

"शांत आहेत," मी म्हटलं आणि त्यांना घालवून दार लावलं.

फॉर्म समोर आहे. उद्या दहाच्या आत आजचा रकाना भरायचा आहे. रेघ मी भिंगाखाली पाहिली, दिव्याखाली पाहिली, यांचा हात धरून तिच्यावर ठेवून पाहिला. त्यांनी ओढली की मी, ते मला कळत नाही. खोलीत त्या वेळी ते एकटे होते. पाहायला मी नव्हते.